घरचा ससा : उकरणे, कुरतडणे आणि उपाय

मराठी भाषेने 'ससा' हा एकच शब्द दोन प्राण्यांना पुरवला आहे. ही काटकसर गोष्टीच्या पुस्तकात खपून जाते. परंतु ज्यांच्या घरात ससा पाळलेला आहे त्यांना ती महागात पडते. घरातला ससा जमीन का उकरतो, दिसेल ते का कुरतडतो आणि त्यावर काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे. विषय ऐकून वर्गातल्या काही मैत्रिणी हसल्या. पण अंकात कवितांना कधीच तोटा नसतो, तेव्हा एखादा लेख सशावर आला तर बिघडणार नाही असे मला वाटते.

माण-खटावच्या माळावर किंवा जत-कवठेमहांकाळकडच्या पडीक रानात जो ससा आपल्या पायांतून उसळून पळतो, तो आपला इथला रानससा. रंगाने मातकट, मानेवर काळा डाग, कान आणि मागचे पाय लांब. हा बीळ करीत नाही. गवताच्या बुंध्याशी अंगापुरती जागा दाबून तो दिवसभर पडून राहतो आणि अगदी जवळ पाऊल पडेपर्यंत हलत नाही. त्याची पिल्ले जन्मतानाच अंगावर लव घेऊन आणि डोळे उघडून येतात. पळणे हेच त्याचे संरक्षण. ससा-कासवाच्या शर्यतीत धावला तो हा.

पिंजऱ्यात बसवून विकतात तो पांढरा, तांबड्या डोळ्यांचा किंवा काळ्या ठिपक्यांचा ससा निराळा. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. जगभरातले सगळे पाळीव ससे त्या एकाच रानटी जातीतून निपजले आहेत. हा गटाने राहतो आणि जमिनीखाली बिळांची जाळी करतो. याची पिल्ले जन्मतात ती उघडी, आंधळी आणि असहाय, म्हणून त्यांना बीळ लागतेच. इंग्रजीत पहिल्याला हेअर आणि दुसऱ्याला रॅबिट अशी वेगळी नावे आहेत. आपल्या बालपुस्तकांत मात्र शर्यत धावतो तो रानससा आणि चित्र असते पांढऱ्या रॅबिटचे. साहजिकच पाळलेला ससा फरशी उकरू लागला की आपल्याला तो बिघडला असे वाटते. आमच्या आजीचे सारे आयुष्य खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतात गेले. ती सांगलीला आली असताना आमच्या सशाला कोपरा उकरताना तिने पाहिले आणि निकाल दिला, "ह्यो ससा न्हवं. घूस हाय घूस." प्राणिशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर चुकेल, पण तिला जो ससा ठाऊक होता तो हा नव्हे, हे तिने पहिल्याच नजरेत ओळखले. आमच्यापैकी कोणाला ते ओळखता आले नव्हते.

उकरणे हे या प्राण्याच्या नावातच आहे. लॅटिन भाषेत सशाला 'क्युनिक्युलस' म्हणतात आणि जमिनीखालच्या भुयारालाही तोच शब्द आहे. किल्ल्याच्या तटाखाली खणतात त्या भुयारालाही रोमन लोक क्युनिक्युलसच म्हणत. साताऱ्याच्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. औरंगजेबाच्या फौजेने अजिंक्यताऱ्याला वेढा घालून १७०० च्या एप्रिलमध्ये तटाखाली सुरुंग उडवले, त्यांतल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली गेली. खणणाऱ्यावरच खणलेले उलटले. सशाच्या बाबतीत मात्र असे झाल्याचे ऐकिवात नाही. तो या कामात बादशहाच्या कारागिरांहून तरबेज आहे. स्पेनमधले एक गाव सशांनी खाली पोखरून टाकले, असे व्हॅरोच्या आधाराने प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. बॅलिआरिक बेटांवरच्या लोकांनी तर सशांच्या उपद्रवाविरुद्ध ऑगस्टस बादशहाकडे सैन्याची मदत मागितली, असेही तोच सांगतो. दोन हजार वर्षे ज्याची अशी कीर्ती आहे, तो आपल्या दोन खोल्यांच्या घरात पाय पोटाशी घेऊन बसेल ही अपेक्षाच मुळात चुकीची होय.

आता कुरतडण्याकडे वळू. ससा उंदराच्या जातीचा आहे असा सार्वत्रिक समज आहे. शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ तसेच वाटे. १९१२ मध्ये सशांचा गण कुरतडणाऱ्या प्राण्यांपासून वेगळा काढण्यात आला. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे सशाला आणखी दोन बारीक दात असतात, ही त्याची खूण. एकूण दात २८, आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ बोटभर लांबीचे वाढत असतात. जेवढे वाढतात तेवढे झिजले पाहिजेत. नाहीतर दाढांना धारदार टोके येऊन जीभ आणि गाल कापले जातात व प्राणी खाणे सोडतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दात झिजावेत म्हणून सशाला लाकूड द्यावे, असे सगळे सांगतात. लाकडाने पुढचे दात थोडेफार झिजतात, दाढा झिजत नाहीत. दाढा झिजतात गवताने. गवताच्या पात्यात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि ते पाते ससा आडवा जबडा फिरवून, जात्यावर दळावे तसे दळतो. दिवसाचे कितीतरी तास त्याचे हे दळण चालते. तेव्हा ज्या सशाला पोळीचे तुकडे, बिस्किटे, गाजर आणि भाताचे शीत यांवर ठेवलेले असते, त्याचे पोट पटकन भरते पण तोंड रिकामे राहते. मग ते तोंड खाटेच्या पायाकडे, दाराच्या चौकटीकडे आणि चार्जरच्या वायरीकडे वळते. गाजर हा सशाचा आहार आहे हा समज आपण चित्रांतून उचलला. त्यात साखर बरीच असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा कधीमधी पुरे.

या विषयाकडे मी वळले ते हौसेने नाही. माझे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात आणि आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. धाकट्या बहिणीने हट्टाने ससा आणला. विकणाऱ्याने नर म्हणून दिला म्हणून त्याचे नाव बाळू. सहा महिन्यांत बाळूने भिंतीचे पोपडे काढले, उंबऱ्याजवळची फरशीची सांध उकरून सिमेंट बाहेर काढले, मोबाइलच्या दोन वायरी तोडल्या आणि माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाची पाठ सोलली. आमच्या घरात पुस्तकासाठी फळी ठोकली गेली ती माझ्या कॉलेजमुळे, आणि आईला वाचता येत नसले तरी त्या फळीवरची धूळ ती रोज पुसते. पुस्तक खाल्ले हे तिला भिंतीपेक्षा जास्त लागले. त्यातच घरमालकांनी भिंत पाहिली. ससा तरी जाईल किंवा खोली तरी सोडा, असे स्पष्ट शब्दांत सांगून झाले. अनामत रक्कम कापली जाणार हे तर ठरल्यासारखेच होते. आबा म्हणाले, रविवारी गावाकडे जाताना रानात सोडून देऊ. बहीण जेवायची थांबली. एकंदरीत सगळ्या घराचा प्रश्न होऊन बसला.

शेजाऱ्यांकडून उपाय भरपूर आले. चौकटीला मिरचीची पूड लावा. उकरले की पेपराची गुंडाळी मारा. पिंजऱ्यातून बाहेर काढूच नका. मिरचीने सशाचे डोळे आणि नाक झोंबते, पण पुढची चौकट मोकळीच असते. मारणे तर सर्वांत वाईट. ससा हा दुसऱ्यांच्या तोंडी जाणारा प्राणी. अंगावर हात आला की त्याला मरणच दिसते. उकरणे आणि मार यांची तो सांगड घालीत नाही, मारणाऱ्याला तेवढा ओळखून ठेवतो. त्याची हाडे फार हलकी आणि मागच्या पायांची लाथ जबर, त्यामुळे धरलेला ससा घाबरून झटका देतो तेव्हा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. कान धरून तर त्याला कधीच उचलू नये. एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली असावा. राहिला पिंजऱ्याचा उपाय. दिवसभर कोंडलेला प्राणी बाहेर आल्यावर दुप्पट उकरतो, हे कोणाच्याही लक्षात येण्यासारखे आहे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना याची उदाहरणे द्यायला नकोत.

मग बहिणीने आणि मी एका जुन्या वहीत पंधरा दिवस नोंद ठेवली. केव्हा उकरले, कुठे, त्याआधी घरात काय चालले होते. उपायाच्या आधी ही वही हवी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण उकरणे दिसायला एक असले तरी त्याची कारणे निरनिराळी असतात. आमच्या वहीत बहुतेक नोंदी पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या निघाल्या. ससा ना दिवसाचा ना रात्रीचा. त्याचा दिवस उजाडताना आणि मावळताना असतो. नेमक्या त्याच वेळी आमच्या घरात त्याला आत ढकलून दार लावले जाई. दाराजवळची सांध त्याने का उकरली, हे वही पाहिल्यावर विचारावे लागले नाही. त्या दोन्ही वेळांना त्याला खोलीत मोकळे सोडायचे ठरले, तेव्हापासून उंबरा शांत आहे. साधारण तीन-चार तास रोज मोकळे फिरणे त्याला लागतेच.

दुसऱ्या नोंदी दुपारच्या होत्या, खाटेखालच्या कोपऱ्यातल्या. सांगलीचा एप्रिल-मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे तो चाळिशीला टेकतो. जमिनीखाली गारवा असतो हे त्याच्या रक्तातच आहे, म्हणून तो फरशीतून खाली जाऊ पाहतो. यावर आईनेच तोड काढली. गळका झालेला पाण्याचा मोठा माठ तिने आडवा करून, लोळू नये म्हणून दोन विटांच्या मध्ये बसवला आणि वरून ओले फडके टाकले. तोंड पुरेसे रुंद असले पाहिजे, हे पाहावे. बाळू त्या माठात जाऊन बसला तो संध्याकाळीच बाहेर आला. साताऱ्याकडे डोंगराच्या कुशीत उन्हाळा एवढा कडक नसतो, तिथे एवढे करावे लागणार नाही.

तिसरे कारण आम्हाला वहीतूनही कळले नव्हते. एके दिवशी बाळूने छातीचे केस उपटून तोंडात धरले आणि कोपरा असा काही उकरायला घेतला की नखे झिजली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की बाळू ही मादी आहे. पोटात पिल्ले नसतानाही मादीला कधीकधी गाभण असल्यासारखे होते. ते साधारण सोळा-अठरा दिवस टिकते, आणि तेवढे दिवस ती बाळंतिणीची खोली खणीत असते. अशा वेळी तिला अडवू नये. खोका आणि वाळलेले गवत द्यावे, घरटे करून द्यावे. वारंवार होऊ लागले तर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच खरा उपाय. तिचा आणखी फायदा असा की उतारवयात माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार प्रमाणात होतो, तो टळतो. मात्र सशाला भूल देणे नाजूक काम आहे, तेव्हा ज्यांनी सशांवर शस्त्रक्रिया केल्या आहेत अशाच डॉक्टरांकडे जावे. खर्च आमच्या घराला जड होता. दिवाळीनंतर तो केला. नाव बदलायला बहीण तयार नाही, त्यामुळे बाळूच राहिली. नर-मादीची जोडी पाळणाऱ्यांनी तर हा विचार आधीच करावा. ३० ते ३२ दिवसांत पिल्ले होतात, आणि व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

तरीही उकरणे राहतेच, आणि ते राहावे. त्याला जागा द्यायची. आम्ही पत्र्याचे जुने घमेले घेऊन पाहिले, ते उथळ पडले. मग फळांची लाकडी पेटी घेतली, तिचे खिळे ठोकून आत वळवले आणि ती अर्धी मातीने भरली. नदीकाठची काळी माती ओली झाली की पायाला चिकटते आणि सगळे घर सारवून निघते. गावाकडची मुरमाड माती चाळून आणली ती बरी. पेटी ठेवायची कुठे, हे महत्त्वाचे. तो जिथे उकरतो त्याच जागी ती ठेवावी, आपल्या सोयीच्या जागी नव्हे. फरशीवर पंजे चालू झाले की एक टाळी वाजवायची, उचलून पेटीत ठेवायचे आणि मातीत कोथिंबिरीचे दोन देठ खुपसायचे. आठ-दहा दिवसांत पेटीची सवय लागली. ज्यांना घरात माती नको त्यांनी कागदाच्या पट्ट्या भराव्यात; गतवर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग माझ्या पाहण्यात नाही. गोणपाट आणि काथ्याची पायपुसणी मात्र देऊ नयेत. त्यांचे धागे पोटात जाऊन अडकतात आणि सशाला ओकता येत नाही.

कुरतडण्यासाठी पेरूच्या किंवा तुतीच्या कोवळ्या फांद्या, बांबूचे तुकडे आणि बुरडाकडची न रंगवलेली टोपली. टोपलीचा आणखी एक उपयोग म्हणजे ती पालथी घालून एका बाजूला भोक पाडले की लपायला घर होते आणि ते घर कुरतडून संपवण्यात पंधरा दिवस जातात. कण्हेर, घाणेरी, धोत्रा यांची काडीसुद्धा घरात आणू नये. ती विषारी आहेत. गवत आणताना एक काळजी आपल्या भागात विशेष घ्यावी लागते. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत औषधांच्या फवारण्या सारख्या चालतात. बागेतले हिरवेगार गवत फुकट मिळते म्हणून आणले, तर ते सशाच्या जिवावर बेतेल. बांधावरची हरळी, जिथे फवारणी होत नाही अशा जागची, धुऊन आणि सुकवून द्यावी. लसूणघास जनावरांना चांगला म्हणून लोक देतात, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लाला चालतो, मोठ्या सशाला त्याने लघवीचे विकार होतात.

वायरींच्या बाबतीत शिकवण्याचा प्रयत्नच करू नये. बिळाच्या वाटेत आलेली मुळी ससा तोडून टाकतो, आणि वायर दिसायला मुळीसारखीच असते. तिथे चूक एकदाच होते. इलेक्ट्रिशियनकडे केसिंग पट्टी मिळते, तीत वायर बसवून जमिनीपासून दीड-दोन हात वर न्यावी. चार्जर काम झाले की काढून ठेवावा. भिंतीच्या कोपऱ्याला आम्ही जुन्या फरशीचा तुकडा उभा टेकवला आहे. घरमालकांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि खोली अजून आमच्याकडे आहे. अनामतीचे काय होते ते खोली सोडताना कळेल.

आता आबांच्या रानात सोडण्याच्या विचाराविषयी. तो विचार दुष्टपणाचा नव्हता. गावाकडे ससे रानातच असतात, तेव्हा हाही तिथे सुखी होईल असे त्यांना मनापासून वाटत होते. पण पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तांबड्या मातीत दुरून दिसतो, पळायचे कुठे हे त्याला माहीत नसते, आणि बीळ खणून होण्याआधीच कुत्री, मुंगूस किंवा घार त्याचा निकाल लावतात. जिथे तो जगला तिथे याहून वाईट झाले. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे आणवले. त्यांची संतती साऱ्या खंडभर पसरली, कुरणे फस्त झाली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात ३,२०० किलोमीटरहून अधिक लांबीचे कुंपण घातले तरी ससे पलीकडे गेलेच. आबांना मी हे सांगितले. ऑस्ट्रेलियाचे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही, पण कुत्र्यांचे पटले.

याच्याच उलट प्रकार ऊसतोडीच्या आणि ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत होतो. फडात रानसशाची पिल्ले सापडतात आणि मुले ती पाळायला घरी नेतात. रानसशाची आई पिल्लांपाशी बसून राहत नाही, पाजण्यापुरती येते. त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू पोरके असतेच असे नाही. त्याला तिथेच, फार तर शेजारच्या बांधाच्या गवतात ठेवून दूर व्हावे. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि त्याला पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे.

शेवटी एक लक्षण ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी पाठ करून ठेवावे. रोज खुडबुड करणारा ससा एकाएकी कुरतडायचा थांबला, गवताला तोंड लावीना, लेंड्या बारीक पडू लागल्या किंवा बंद झाल्या, तर शहाणा झाला असे समजू नये. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही तर ते थांबते आणि मग वेळ फार थोडा असतो. रात्र उलटण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीहून ते लांब पडते, म्हणून ससे तपासणाऱ्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आम्ही पुस्तकांच्या फळीला, सशाचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, चिकटवून ठेवला आहे.